फिजिओथेरपीतला खाडा

संध्याकाळचे पावणेसहा. दुर्ग-भिलाईच्या जोडशहरात, मोहन नगरासारख्या वस्तीत फिजिओथेरपीचा दवाखाना म्हणजे बहुधा रस्त्यालगतचा एक गाळा. दोन पलंग, मधे हिरवा पडदा, भिंतीवर खांदा फिरवायचे चाक, बोटांनी चढायची लाकडी शिडी, कोपऱ्यात जागच्या जागी चालणारी सायकल. साडेपाचचा पेशंट आलेला नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. सव्वासहाच्या आजी मागच्याच गल्लीत राहतात. बोलावले असते तर लगेच आल्या असत्या, पण साडेपाचवाला येतोच आहे या भरवशावर त्यांना कोणी बोलावले नाही. पलंग रिकामा राहतो आणि वहीत साडेपाचच्या नावापुढे फुली पडते.

या फुलीला मराठीत नेमका शब्द आहे: खाडा. दुधाचा खाडा, घरकामाच्या बाईचा खाडा, रोजंदारीवरचा खाडा. भिलाईत हिंदी बोलणारे शेजारी त्यालाच 'नागा' म्हणतात. महिनाअखेरीस खाडे मोजायचे, तेवढे पैसे वळते करायचे, की हिशेब मिटतो. उपचारातला खाडा असा मिटत नाही. 'दहा सिटिंग घ्या' असे सांगितलेल्या माणसाने तीन घेऊन सोडून दिले, तर त्याला तीन दशांश गुण येत नाही. पुष्कळदा तो होता तिथेच परत जातो.

याचे कारण शरीराच्या चालीत आहे. प्लास्टरमध्ये जखडलेला स्नायू पहिल्या आठवड्यातच बारीक होऊ लागतो. त्याला परत उभा करायला मात्र कित्येक आठवडे लागतात. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी मज्जातंतूंची करामत असते. मेंदू त्याच स्नायूंना जास्त नेटाने कामाला लावायला शिकतो. स्नायू खऱ्या अर्थाने भरायला साधारण दीड-दोन महिने जातात. आणि पेशंट थांबतो तो नेमका या दोन टप्प्यांच्या मधे, 'आता बरे वाटतेय' म्हणून. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट याहून निकडीची. जखम भरताना सांध्याभोवती नवे तंतू तयार होतात. रोज वाकवला तर ते लांब आणि लवचिक राहतात, नाही वाकवला तर तिथेच आवळून बसतात. खुर्चीतून सहज उठायला गुडघा नव्वद अंशांहून थोडा जास्त वाकावा लागतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तेवढा वाक मिळाला नाही, तर कधीकधी पुन्हा भूल देऊन गुडघा जोराने वाकवावा लागतो. पक्षाघातात सुधारणेचा सर्वांत मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पदरात पडतो. त्या काळातला एक आठवडा पुढच्या वर्षातल्या आठवड्याहून कितीतरी अधिक मोलाचा असतो.

हे शास्त्र आपल्या देशात रुजले तेच मुळी वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारासाठी. मुंबईत पोलिओच्या साथीने अपंग झालेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, आणि १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पोलिओ झालेल्या मुलाला एकदा तपासून औषध लिहून देता येत नव्हते. त्याला आईने कडेवर घेऊन पुन्हा पुन्हा आणावे लागे. आई येत राहील, अशी व्यवस्था करणे हा उपचाराचाच भाग होता. मला वाटते, फिजिओथेरपीतले हे पहिले काम आपण मधल्या काळात विसरलो. आपण यंत्रे आणली, पेशंट येत राहतो की नाही हे मात्र त्याच्या नशिबावर सोडले.

खाडा पडला की दवाखान्यात पहिला शब्द ऐकू येतो तो 'हलगर्जीपणा'. 'लोकांना स्वतःच्या तब्येतीची किंमत नाही.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन उपचारांवर एक मोठा अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा निम्मेच लोक असा उपचार सांगितल्याप्रमाणे पाळतात, असे त्यात होते. सगळा दोष पेशंटच्या माथी मारणे चुकीचे आहे, हेही त्यात बजावले होते. आपल्याकडचा दाखला त्याहून जुना आहे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले. तिथल्या अभ्यासात काही गरीब क्षयरुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना घरीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन्हीकडचा गुण जवळपास सारखा. घरच्या पेशंटकडे अन्न कमी होते, जागा कमी होती, विश्रांती कमी होती. पण केंद्राची माणसे त्यांच्या दारापर्यंत जात होती.

भिलाईत हा प्रश्न जास्त टोकदार होतो तो घड्याळामुळे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, म्हणून हे गाव तेव्हापासून तीन पाळ्यांत जगते. सकाळची, दुपारची, रात्रीची. त्यातही पाळी एकच राहत नाही, फिरत राहते. आता अशा माणसाची कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे फिजिओथेरपी सांगितली. दवाखान्यात त्याला विचारले, 'कोणता टाइम जमेल?' तो त्या आठवड्यात सकाळच्या पाळीत आहे, म्हणून म्हणाला, 'संध्याकाळी साडेपाच.' वहीत तीन आठवड्यांसाठी साडेपाच लिहिले गेले. पुढच्या आठवड्यात दुपारची पाळी लागली, तेव्हा साडेपाचला तो कारखान्यात होता. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. दिवसभर झोपून साडेपाचला नुकताच डोळा उघडतो आहे, अंग आंबलेले आहे, आणि आठ दिवस न गेल्यामुळे आता जायला संकोचही वाटतो आहे. या माणसाने हलगर्जीपणा कुठे केला? चूक वहीची आहे. पहिल्या दिवशी 'कोणता टाइम' याऐवजी 'पाळी कोणती, पुढच्या आठवड्यात कोणती' एवढे विचारून तीन आठवड्यांचे तीन वेगवेगळे टाइम लिहिले असते, तर यातले बरेच खाडे पडलेच नसते. यासाठी कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही.

पाळीसारखीच ऋतूची पाळी असते. दुर्गजवळच्या पाटण, धमधा भागांतून येणाऱ्या शेतकऱ्याला जुलैत भाताची रोवणी आणि बियासी सोडून गुडघ्याला शेक घ्यायला ये म्हणणे व्यर्थ आहे. मे महिन्यात ऊन चाळिशीच्या पुष्कळ वर जाते, तेव्हा दुपारी दोनचा टाइम ऐंशीच्या आजोबांना देणे चूक आहे. भाद्रपदात तीजा आला की छत्तीसगढी घरातल्या सुना-लेकी माहेरी जातात, तो त्यांचा हक्काचा काळ. इकडच्या मराठी घरांत त्याच सुमारास गौरी-गणपती. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचा खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त, त्यातही मधुमेह असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या बाईला पुरणाच्या स्वयंपाकातून सुटका नाही, तिचाच खांदा बहुधा उपचाराखाली असतो. तिला 'सणावारी बंद करू नका' असे नुसते बजावून काय होणार? त्याऐवजी आधीच म्हणता येते, 'काकू, गौरी उठेपर्यंत दवाखान्यात येऊ नका. भिंतीला टेकून हा एकच व्यायाम सकाळ-संध्याकाळ करा, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अकराला या.' ठरवून घेतलेली सुट्टी आणि खाडा यांत फरक आहे. ठरवलेल्या सुट्टीनंतर माणूस परत येतो.

मग पैसे. फी दिसते, बाकीचा खर्च दिसत नाही. समजा सिटिंगचे तीनशे रुपये. म्हाताऱ्या आईला ऑटोने आणायचे तर जाण्या-येण्याचे भाडे वेगळे. तिच्यासोबत मुलगा येतो, तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर असेल तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. म्हणजे तीनशेचा उपचार घरात सहा-सातशेला पडतो, तोही आठवड्यातून तीन-चार वेळा. चौथ्या दिवशी आईच म्हणते, 'राहू दे रे, आता दुखत नाही फारसे.' दुखत असते. ती मुलाचा खाडा वाचवण्यासाठी स्वतःचा खाडा करते. फिजिओथेरपिस्टला हे माहीत असेल तर तो आठवड्यातून तीन-चारदाऐवजी दोनदाच बोलवेल, मधल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर व्यायाम पाहील, सोबतीला यायला मुलाऐवजी शेजारीण चालेल का ते विचारेल. पण यासाठी पहिल्याच भेटीत विचारावे लागते: तुम्ही येता कशाने, आणि सोबत कोण येते?

आणखी एक कारण कोणीच सांगत नाही. घरी करायला दिलेले व्यायाम झालेले नसतात. गृहपाठ न केलेले मूल शाळेला दांडी मारते, तसा मोठा माणूसही दवाखाना चुकवतो. हे मी स्वतः अनुभवले आहे. खांद्याचे सात व्यायाम लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावला होता, त्यातले दोन जेमतेम होत, आणि 'केले का?' या प्रश्नाला तोंड द्यायला नको म्हणून मी एक फेरी टाळली. त्या एका फेरीची पुढे तीन आठवड्यांची रजा झाली. या बाबतीत १९९९ मधला अमेरिकेतला एक छोटा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पासष्टीपुढच्या माणसांना घरी करायला कोणाला दोन, कोणाला पाच, कोणाला आठ व्यायाम दिले. ज्यांना दोनच दिले, त्यांनी ते आठवाल्यांपेक्षा अधिक चांगले केले. कागद भरून व्यायाम देण्यात दवाखान्याला कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते. पेशंटला मिळते ती अपराधाची भावना.

भीती आणि परकेपणा हाही मोठा भाग आहे. आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेचे रुग्णालय उभे करताना आदिवासींनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, तिथे आमचा देव नाही, अशी उत्तरे आली. मग शोधग्रामात झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना बांधला गेला, नातेवाइकांना राहायची सोय झाली, आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. ही देवी मूळची आपल्या बस्तरची, दंतेवाड्याची. तिथे 'लोक अडाणी आहेत' या उत्तरावर कोणी थांबले नाही. आपल्या भिलाईतले उदाहरण २०२० मधले. रायपूर, बिलासपूर आणि भिलाई या शहरांत 'दाई-दीदी क्लिनिक' नावाची फिरती वाहने सुरू झाली, डॉक्टरपासून मदतनीसापर्यंत सगळ्या बायका. त्याच्या आदल्या वर्षी राज्यात हाट बाजार क्लिनिक सुरू झाले होते. आठवडी बाजाराला लोक येतातच, तर दवाखाना तिथे न्यावा, हा त्यामागचा विचार. या दोन्ही योजना फिजिओथेरपीच्या नव्हेत. पण कंबरेला किंवा ओटीपोटाच्या स्नायूंना उपचार घ्यायचा, पडद्याआड पुरुष उभा, आणि पडदाही अर्धवट, अशा ठिकाणी बाई दुसऱ्यांदा येत नाही, हे समजायला त्या पुरेशा आहेत. छत्तीसगढची मितानिन ही आरोग्य-स्वयंसेविका तर २००२ पासून घरोघरी जाते आहे, देशात 'आशा' येण्याच्याही आधीपासून. पक्षाघाताच्या पेशंटकडे आठवड्यातून एकदा डोकावून 'हात वर करून दाखवा बघू' एवढे तिने विचारले, तरी त्याचा उपयोग होईल.

आता आठवण करून देण्याबद्दल. विसरणे हे खाड्याचे सर्वांत साधे कारण, आणि त्यावरचा उपायही सर्वांत स्वस्त. मोबाइलवर आदल्या दिवशी निरोप पाठवला तर हजेरी वाढते, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासून २०१३ मध्ये पक्के झाले. साधा एसएमएस फोनइतकाच उपयोगी पडतो, हेही त्यातच दिसले. लंडनच्या रुग्णालयांतल्या, २०१५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात निरोपाचे शब्द बदलून पाहिले. नेहमीचा निरोप मिळालेल्यांपैकी ११.१ टक्के आले नाहीत. 'तुम्ही न आल्यास आरोग्यसेवेचे सुमारे १६० पौंड वाया जातात' असा निरोप मिळालेल्यांत हे प्रमाण ८.४ टक्के झाले. म्हणजे शब्दांनी फरक पडतो. पण हा उपाय आपल्याकडे आहे तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडे मोबाइल नंबर मुलाचा नोंदवलेला असतो आणि आजी घरी असतात. निरोप इंग्रजीत असतो. आणि भिलाई म्हणजे मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, ओडिया, मल्याळी अशी एकाच गल्लीत सात भाषांची वस्ती. दवाखान्यातल्या मुलीने व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात पंधरा सेकंदांचा निरोप पाठवला, 'आजी, उद्या सव्वासहाला. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी परवाचा टाइम देते', तर तो वाचता न येणाऱ्यालाही पोहोचतो. यातले 'जमणार नसेल तर' हे शब्द गाळू नयेत. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की माणूस न सांगता गायब होत नाही. पुढची तारीख पेशंटने स्वतःच्या हाताने कार्डावर लिहावी, ही युक्तीही इंग्लंडच्या दवाखान्यांत उपयोगी ठरली आहे. आपल्या अक्षरातला शब्द आपल्याला बांधतो.

दंड लावावा का? अनेक दवाखाने आता 'न आल्यास सिटिंग धरले जाईल' अशी पाटी लावतात. माझे मत दंडाच्या विरुद्ध आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० मध्ये छापून आला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, आणि दंड काढल्यावरही पूर्ववत झाले नाहीत. आधी त्यांना शरम वाटायची, दंड आल्यावर त्यांनी उशीर विकत घेतला. दवाखान्यात तर याहून वाईट घडते: ज्याला परवडत नाही तो दंडाच्या भीतीने परतच येत नाही. दहा सिटिंगचे पैसे आधी घेणे वेगळे. त्याने हजेरीला बळ मिळते. पण सात सिटिंगमध्ये माणूस बरा झाला तर तीनचे पैसे परत द्यायची तयारी हवी.

याच्या उलट, जे काम दंड करत नाही ते सोबत करते. गुडघ्याच्या झिजेच्या पेशंटना एकेकट्याने न बोलावता सहा-आठ जणांचा वर्ग घ्यावा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून असे वर्ग चालतात: आधी दुखणे समजावून सांगायचे, मग सहा आठवड्यांत बारा वेळा एकत्र व्यायाम. भजनी मंडळात एखादी बाई दोन गुरुवार दिसली नाही, तर तिसऱ्या गुरुवारी कोणीतरी तिच्या दारात जाऊन उभे राहते. वर्गातही तेच होते. इथली मराठी मंडळे हळदीकुंकू आणि गणेशोत्सव इतके नेटके करतात, त्यांनी आपले सभागृह आठवड्यातल्या दोन सकाळी अशा वर्गाला द्यावे, असे मला मनापासून वाटते.

दवाखान्यासाठी शेवटची सूचना वहीची. फुलीशेजारी एक रकाना आखा: का आला नाही? पाळी, सोबत नाही, पैसे, दुखले, बरे वाटले, गावाला गेला. आणि जो बरा होऊन थांबला त्याला गैरहजरांत मोजू नका. तो उपचाराचे यश आहे, फक्त त्याला 'आता येण्याची गरज नाही' असे कोणी सांगितलेले नाही. दोन महिने हा रकाना भरला, की आपल्या दवाखान्यातले खाडे कशाने पडतात ते कोणा तज्ज्ञाला न विचारता दिसेल. एकीकडे सोमवारची पाळी बदलत असेल, दुसरीकडे दुपारचे ऊन असेल, तिसरीकडे जिन्याच्या अठरा पायऱ्या असतील, ज्या गुडघ्याच्या पेशंटला चढून यायला लागतात.

आणि पेशंटला, त्याच्या घरच्यांना एवढेच सांगणे आहे. व्यायाम झाले नसतील तरी जा. दुखणे वाढले असेल तर ते सांगायला जा. पैशांची अडचण असेल तर ती बोला, फेऱ्या कमी करता येतात. आणि आज जाणे होणारच नसेल, तर फोन करा. चार वाजता केला तरी चालेल. मागच्या गल्लीतल्या आजींना साडेपाचला यायला तेवढा वेळ पुरतो.